गावात कुणालाच जुलाब नाहीत

प्रिय शालन वन्सं,

काल तुमच्या दादांनी जे केलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. फोन करायची सोय काही तुम्ही ठेवली नाहीत, म्हणून कागद घेऊन बसले. हाताला लिहायची सवय राहिली नाही, तेव्हा अक्षराला हसू नका.

तुमच्या लसीची दुसरी चाचणी आपल्या गावात सुरू झालीय. तुम्ही गेल्यावर. बघा की, कसं असतं! कालची गोष्ट तिच्यातलीच आहे, पण ती सांगायची तर मागून सुरुवात करायला लागेल. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी ऐका. नणंदेनं भावजयीचं एकदा शेवटपर्यंत ऐकून घेतलं तर आभाळ कोसळत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही कॉलेजात होता. पहिल्याच महिन्यात आपली म्हैस व्यायली. शेजारच्या बायका चिकासाठी तांबे घेऊन दारात, आत्याबाई खरवसाला वेलदोडे कुटायला बसलेल्या, आणि तुम्ही गोठ्याच्या दारात आडव्या उभ्या! आधी रेडकू पोटभर पिणार, उरला तर खरवस. आत्याबाई म्हणाल्या, रेडाच तर झालाय, त्याला कशाला एवढं? तुम्ही जागच्या हलला नाहीत. आधीच्या वेताचं रेडकू हगवण लागून गेलं होतं, ते तुमच्या डोक्यात बसलं होतं. चिकात राखणदार असतात, ते रेडकाच्या आतड्यात जाऊन पहारा करतात, असं तुम्ही मला समजावलंत. मला नव्या नवरीला काय कळणार? मला एवढंच कळलं की या घरात माझ्या सासूला न भिणारं कुणीतरी आहे. मला फार बरं वाटलं हो.

ते रेडकू जगलं. त्या वेळी शेजारणी रिकामे तांबे घेऊन परत गेल्या आणि बरेच दिवस आपल्याशी बोलत नव्हत्या.

पुढं तुम्ही शिकत गेलात, पुण्याला गेलात, मोठ्या प्रयोगशाळेत लागलात. आणि माझी पंचाईत झाली. हळदीकुंकवाला कुणाची नणंद मास्तरीण, कुणाची बँकेत. तुमच्या वन्सं काय करतात हो? मी सांगायची, जुलाबावर काम करतात. समोरच्या बाईचा चहाचा कप तोंडाजवळ जाऊन थांबायचा. तालमीतली पोरं तर तुम्हाला जुलाबाच्या डॉक्टरीणबाईच म्हणायची. तुमचे दादा चिडून लाल व्हायचे, आणि तुम्ही सुट्टीला आलात की त्या पोरांना हाक मारून विचारायचात, काय रे, पोटं बरी आहेत ना सगळ्यांची? मग पोरंच लाजायची.

मला एकदा तुम्ही भाकरी थापताना लस समजावली होती. तव्यावरची भाकरी करपली तरी थांबला नाहीत. कॉलरा, म्हणजे आपल्या म्हाताऱ्यांची पटकी, तिचा जंतू रक्तात शिरतच नाही. तो तोंडातून जातो आणि आतड्याच्या आतल्या ओलसर अस्तरावर ठाण मांडतो. तिथं बसून माणसाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढतो. मग पहारा कुठं पाहिजे? त्या अस्तरावरच. दंडात सुई टोचून रक्तात शिपाई उभे केले तर ते आतड्याच्या दारापर्यंत पुरेसे पोचत नाहीत. म्हणून लस तोंडातूनच द्यायची, ज्या वाटेनं जंतू येतो त्याच वाटेनं. मी म्हटलं, मग हे चिकासारखंच झालं की! तुम्ही माझ्या पाठीवर अशी थाप मारलीत की पीठभरल्या पंजाचा ठसा दिवसभर लुगड्यावर होता. वैनी, तुम्ही माझ्या वर्गात पाहिजे होता, असं म्हणाला होता. ते मी अजून कुणाकुणाला सांगते.

मग ती पहिली चाचणी आली. तुम्ही वर सांगून बघितलं होतं, माझं गाव नको. पण पंचगंगेच्या काठची जी गावं निवडली त्यांत आपलं गाव आलंच. येणारच ना! दर पुरात नदी घरात, आणि पूर ओसरला की नळाला गढूळ पाणी आणि घरटी एक आजारी.

गावाची पहिली तक्रार काय, तर सुई नाही! आपल्याकडं सुई मारली नाही तर त्याला लोक डॉक्टरच मानत नाहीत. म्हातारी माणसं बाह्या वर करून रांगेत उभी, आणि तुमची रेश्मा हातात इवलीशी बाटली घेऊन तोंड उघडा म्हणते. रेश्मा तेव्हा तुमच्या हाताखाली शिकत होती, पोरसवदा. तिला लोकांनी हैराण केलं. शेवटी तुमच्या दादांनी तालमीच्या पायरीवर उभं राहून दम दिला, तेव्हा कुठं तोंडं उघडली.

अर्ध्या लोकांना खरी लस, अर्ध्यांना दिसायला आणि चवीला तसंच पण नुसतं पाणी. कुणाला काय मिळालं ते रेश्माला माहीत नाही, तुम्हालासुद्धा नाही. मग रेश्मा दर आठवड्याला घरोघर विचारणार, कुणाला जुलाब लागले का? लागले असतील तर औषधपाणी करणार आणि तपासायला घेऊन जाणार. इतकं साधं होतं.

त्या वर्षी पूर आला आणि गेला. शेजारच्या गावातून रोज कुणीतरी दवाखान्यात. पार इचलकरंजीकडच्या बाजूलाही लागण. आणि आपल्या गावात? काही नाही. रेश्मा दार वाजवते, बाया हसून चहा देतात, सगळे ठणठणीत. गावात कुणालाच जुलाब नाहीत! तुम्ही फोनवर मला विचारलंत, वैनी, हे कसं शक्य आहे? मी म्हटलं, जोतिबाची कृपा. तुम्ही गप्प झालात. तुमचं गप्प होणं मला ओळखू यायचं, पण अर्थ लागला नाही.

अर्थ लागला तो लताच्या घरी. लता म्हणजे आपल्या मागच्या आळीतली, तिचा लहानगा गणू तेव्हा तीन वर्षांचा. दुपारी मी ताक द्यायला गेले तर पोरगं गोधडीवर निपचित. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहते. खाली तांदळाच्या धुवणासारखं पाणी. सकाळपासून लघवी नाही. माझ्या काळजाचं पाणी झालं! चमच्या चमच्यानं मीठसाखरेचं पाणी त्याच्या तोंडात घालत मी लताला ओरडले, अगं, दवाखान्यात का नेलं नाहीस? तर ती पदर तोंडावर धरून म्हणाली,

"काकी, कुणाला सांगू नगा. पैलवान दादांनी सांगितलंय, बाहेर कळलं तर शालन आक्कांची लस नापास हुईल."

वन्सं, माझं त्या क्षणी काय झालं ते सांगता येत नाही. आईचं काळीज आणि गावाची इज्जत यांच्या मधे ती पोरगी अडकली होती. मी गणूला उचललं आणि दूध न्यायच्या टेम्पोत घालून कोल्हापूरला नेलं. वाटेत उचगावाजवळ गाड्यांची ही गर्दी, मी खिडकीतून हात काढून बोंबलत होते, वाट द्या म्हणून. दवाखान्यात सलाईन लागलं. पोरगं वाचलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ केली असती तर काही हातात नव्हतं.

घरी येऊन तुमच्या दादांना विचारलं. त्यांना वाटत होतं मी शाबासकी देणार! घरोघर फिरून तेच सांगून आले होते. छाती पुढं काढून म्हणाले, "आपल्या पोरीची लस हाय. गावाचं नाव जातंय तिच्यासंगं. पोट बिघडलं तर बिघडलं, चार दिस घरात पडायचं." आणि गाव ऐकत होतं, कारण गावाचं तुमच्यावर प्रेम होतं! दुसऱ्या कुठल्या गावात असा खुळेपणा झाला असता? कुठल्यातरी परक्या डॉक्टरसाठी कुणी जुलाब लपवतं का? मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. मग तुम्हाला फोन लावला.

तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आलात. घरी नाही, आधी दवाखान्यात, गणूच्या उशाशी. त्याची नाडी स्वतः बघितलीत. लताच्या डोक्यावरून हात फिरवलात आणि एक शब्द रागाचा बोलला नाहीत. मग गावात येऊन थेट तालमीत. बायका तालमीत जात नाहीत म्हणून मी दारात थांबले होते, तुम्ही माझ्या हाताला धरून आत ओढलंत. सगळं गाव गोळा झालं. तुमचे दादा पुढंच बसलेले, खाली मान घालून.

मला वाटलं आता तुम्ही कडाडणार. तुम्ही लाल मातीच्या हौद्याकडं बघत साध्या आवाजात विचारलंत,

"दादा, दोन पैलवान आखाड्यात उतरलेच न्हाईत, तर गदा कुणाला द्यायची?"

कुणालाच न्हाई, असं मागून कुणीतरी पुटपुटलं.

मग तुम्ही समजावलंत. खरी लस घेतलेले एका बाजूला, नुसतं पाणी घेतलेले दुसऱ्या बाजूला. पाणीवाल्यांत जास्त आजारी पडले आणि लसवाल्यांत कमी, तरच लस चालते असं कळणार. दोन्हीकडं कुणीच आजारी नाही म्हटलं, तर लस जिंकली हे सिद्ध कशावर करायचं? तुम्ही मला जिंकवायला कुस्तीच रद्द केलीत की रे, म्हणालात. आणि मग पुढचं वाक्य, ते मला पाठ आहे.

"आणि समजा लस हरली. हरू दे. हरलेली लस मी दुरुस्त करीन. लता, तुझा गणू गेला असता तर तो मला दुरुस्त करता आला नसता."

बायका रडायला लागल्या. दादा उठून बाहेर गेले.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण तुम्ही तिथूनच वरिष्ठांना फोन लावलात. माझ्या गावची सगळी माहिती खोटी आहे, काढून टाका, आणि ती खोटी माझ्या सख्ख्या भावामुळं झाली. सगळ्यांच्या समोर सांगितलंत! मी पदर ओढून खुणावत होते, भावाचं नाव कशाला घेता? गैरसमज झाला म्हणून भागलं असतं की. तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. खरं सांगितल्याची किंमतही लगेच वसूल झाली. चाचणीवरून तुमचं नाव काढलं, दुसऱ्या साहेबाच्या हाताखाली तुम्हाला ठेवलं. वर्षं घालवून उभं केलेलं काम, आणि मांडवातून नवरीलाच बाहेर बसवलं! मी चार शिव्या हासडल्या त्या साहेबाला. तुम्ही म्हणालात, वैनी, बरोबर केलं त्यांनी, माझं गाव म्हणजे माझा पायगुंता. मला तेव्हा तुमचा राग आला होता. आज सांगते, त्याच दिवशी मला तुमचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कुठल्या सत्काराला वाटला नाही.

पुढच्या पावसाळ्यात बाकीच्या गावांचे आकडे आले. मोठ्या माणसांत लस बरी चालली. लहान पोरांत मात्र कमी पडली. तुम्ही सांगितलंत, सारखं घाण पाणी पिऊन पोरांची आतडी आधीच झिजलेली, सुजलेली असतात, तिथं लसच नीट रुजत नाही. गणूच्या वयाच्याच पोरांना ती राखत नव्हती! दुसरं कुणी असतं तर मोठ्यांचा निकाल दाखवून हार घालून घेतले असते. तुम्ही परत पहिल्यापासून सुरुवात केलीत, लहानांसाठी. केस पांढरे झाले, लग्नाचं विचारणारे थकून गप्प झाले, तुम्ही आपल्या प्रयोगशाळेत.

आता एक भांडण. मेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण मी भांडणार. सगळ्या गावाला तालमीत बसवून तुम्ही सांगितलंत, दुखणं लपवू नका. आणि स्वतः? पोटात गाठ आहे हे तुम्हाला कधी कळलं आणि आम्हाला कधी कळवलंत? गणपतीला आलात तेव्हा गौरीचं जेवण तुम्ही चमचाभर खाल्लंत, मी विचारलं, तर पथ्य आहे म्हणालात. गणपती गेल्यावर मी तुमच्यासाठी पांढरा रस्सा बिनमसाल्याचा केला आणि तुम्ही तो कौतुकानं प्यायलात, तेव्हाही नाही सांगितलंत. कोणती लस नापास होणार होती हो तुमची, आम्हाला सांगितलं असतं तर? दिवाळीला तुम्ही दवाखान्यात, आणि संक्रांतीच्या आत संपलं सगळं. मला तुमची सेवा करायला मिळाली नाही. हे मी माफ करणार नाही, आणि तुम्ही माफी मागायला नाही, म्हणजे हिशेब असाच राहणार.

तुमचे दादा रडले नाहीत. पंचगंगेच्या घाटावरही नाही. नुसते दगडासारखे. मला भीती वाटत होती.

रेश्मानं तुमचं काम पुढं नेलं. आता डॉक्टर रेश्मा म्हणायचं, चष्मा लागलाय, आवाज मात्र तुमच्यासारखा झालाय. लहानांसाठीची तुमची लस चाचणीला निघाली तेव्हा आपल्या गावाचं नाव आधीच खोडलेलं होतं. ते गाव नको, तिथले लोक खरं सांगत नाहीत. बरोबरच होतं त्यांचं. पण दादा ते ऐकून तालमीतल्या चौघांना घेऊन पुण्याला गेले. फेटा बांधून! मोठ्या साहेबांसमोर उभं राहून काय बोलले ते मला रेश्मानं सांगितलं. म्हणाले, "साहेब, मागच्या वेळंला गावानं खोटं सांगितलं ते माझ्यामुळं. शाली आता भांडायला न्हाय. आमाला एकदा खरं सांगू द्या." साहेबांनी विचार करून गाव परत घेतलं.

आपला नातू शंभू अडीच वर्षांचा झाला. तुम्ही नाही, तेव्हा आता घरचा म्हणून त्याला अडकाठी नव्हती. त्याच्या तोंडात ते थेंब पडले तेव्हा त्यानं असं तोंड केलं की तुम्ही पोट धरून हसला असता. त्याला लस मिळाली की पाणी, आम्हाला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही.

आणि परवा रात्री त्याला जुलाब लागले.

सकाळी घरात कुजबुज. आपला पोरगा म्हणाला, काल कणीस खाल्लंय, त्याचंच असेल, दुपारपर्यंत बघू. मी मीठसाखरेचं पाणी ढवळत होते आणि मनात म्हणत होते, देवा, आता हे काय करतात बघू. वन्सं, मला त्यांची खात्री नव्हती. भावाची माया एकदा आंधळी झाली होती, आणि आता तर तुम्ही गेलेल्या. ही लस म्हणजे तुमची शेवटची खूण.

दादा देवापुढं बसले होते. उठले. तपासायला म्हणून शंभूचं ओलं दुपटं एका पिशवीत बांधलं, शंभूला खांद्यावर घेतलं आणि निघाले. मागच्या वाटेनं गेले असते तर कुणाला दिसलं नसतं. ते भर पेठेतून गेले, तालमीसमोरून. लोक विचारतात, पैलवान, काय झालं? हे उत्तर देतात, जुलाब लागल्यात पोराला, लिवून द्यायला निघालोय. मी मागून वाटी-चमचा घेऊन पळतेय.

आरोग्य केंद्रात रेश्मा होती. तिनं ओळखलं आणि तिचा चेहरा पडला. तुमच्या घरातलंच पोर, पहिलंच! दादांनी पिशवी तिच्या टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, शालीच्या घरचं हाय म्हणून सोडू नगा. आधी आमचं लिवा."

तिनं लिहिलं. दादांनी ते सगळं लिहून होईपर्यंत बघितलं, मग भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी जवळ गेले तर म्हणाले, शाली असती तर आज मला बोलली असती का गं? मी म्हटलं, बोलली नसती, पाठीवर थाप मारली असती.

शंभू बरा आहे, काळजी करू नका. संध्याकाळी मऊ भात खाऊन कुत्र्याच्या मागं पळत होता. आणि दुपारपर्यंत काय झालं ठाऊक आहे? मागच्या आळीतून लता आली, धाकट्या मुलीला घेऊन. तिच्या मागून आणखी दोन घरं. पैलवानाचा नातू लिहिला गेला, मग आपलं लपवायचं कशाला! रेश्मा म्हणाली, काकी, आता ही चाचणी खरी झाली. गणूही आला होता बहिणीला धरून. मिसरूड फुटायला लागलंय त्याला.

तर वन्सं, तुमची लस पास होईल का नापास, ते मी सांगू शकत नाही. देवाला साकडं घालावंसं वाटतं, पण तुम्हाला आवडणार नाही म्हणून घातलं नाही. नापास झाली तरी रेश्मा दुरुस्त करील, तिचा स्वभाव तुमच्याच वळणाचा आहे.

मी फक्त एक शब्द देते. मी जिवंत असेपर्यंत या गावात कुणाचं पोट बिघडलं तर ते तुमच्या लसीसाठी लपणार नाही. लसीविरुद्ध जाणारं असेल तर ते सगळ्यात आधी आपल्या घरातून सांगितलं जाईल, आणि सांगायला तुमचे दादाच जातील.

तुमची भांडकुदळ वैनी,
सुमन